साइटवर बंगाली बोलणारे कामगार आहेत, ते बांगलादेशी आहेत का हे ओळखायचं कसं?

नमस्कार दादा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की सांगलीत विश्रामबागला तुमच्या सोसायटीच्या नवीन विंगचं काम चालू आहे, प्लास्टर आणि सेंटरिंगला ठेकेदारानं बारा पोरं आणलीत, ती आपसात बंगाली बोलतात, आधार कार्ड सगळ्यांकडं आहे, आणि ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की हे बांगलादेशी आहेत, हाकला. तुम्ही सेक्रेटरी, त्यामुळं गळ्यात तुमच्या पडलंय. ओळखायचं कसं हा तुमचा प्रश्न, आणि शेवटी जाता जाता टोला मारलाय की बीएसएफवाले बॉर्डरवर झोपा काढतात का, चार जणांना गोळ्या घातल्या की आपोआप बंद होईल.

मी बीएसएफमधूनच रिटायर झालोय. गाव कोरेगाव तालुक्यात, नोकरीतली बरीच वर्षं मालदा, मुर्शिदाबाद, नदिया या पट्ट्यात गेली, आता साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका कारखान्याची सिक्युरिटी बघतो. म्हणजे आधी माणूस आत येतो तिथं उभा होतो, आता तो कामाला लागतो तिथं उभा आहे. टोल्याचं उत्तर आधी देतो, कारण सगळ्यांचा राग तिथंच अडकलेला असतो आणि तो बाजूला झाल्याशिवाय पुढचं डोक्यात शिरत नाही.

बॉर्डर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर वाघा येतं, परेड, गेट, झेंडे. बांगलादेशची बॉर्डर तसली नाही. ४,०९६ किलोमीटर लांब, त्यातली २,२१६ एकट्या पश्चिम बंगालला, बाकी आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोराम. सरकारनं २०२५ मध्ये संसदेत जो हिशेब दिला त्याप्रमाणं ३,२३२ किलोमीटरवर कुंपण झालंय आणि ८६४ बाकी आहे, आणि त्या बाकीतल्या १७४ किलोमीटरवर कुंपण घालणंच शक्य नाही, नदी आहे, दलदल आहे, डोंगर आहे. उरलेलं कुठं जमीन ताब्यात मिळत नाही म्हणून, कुठं पलीकडची बीजीबी, म्हणजे बांगलादेशचं सीमा दल, हरकत घेते म्हणून अडकलंय.

बरं जिथं कुंपण आहे तिथंही ते रेषेवर नाही. १९७५ च्या दोन्ही देशांच्या समझोत्यात असं ठरलंय की झिरो लाइनपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डाच्या आत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही, म्हणून तार आपल्याच हद्दीत मागं सरकवून घातलीय. मग तारेच्या पलीकडं जमीन आपली, शेतकरी आपले, काही ठिकाणी तर अख्खी वस्ती आपली. रोज सकाळी गेट उघडायचं, ओळखपत्र जमा करून घ्यायचं, बैल, नांगर, जेवणाचा डबा सगळं तपासून सोडायचं आणि संध्याकाळी मोजून आत घ्यायचं. तिकडं ताग लावतात, पावसाळ्यात तो डोक्याच्या वर जातो, कराडच्या उसात बिबट्या असला तरी दिसत नाही तशी गत होते, दहा फुटांवर माणूस बसलेला असतो आणि थर्मल कॅमेरा घेऊनसुद्धा कळत नाही. हिवाळ्यात धुकं. आणि गंगा-पद्मा तर दर पावसाळ्यात पात्र बदलते, या वर्षी जिथं नाका लावला तिथं पुढच्या वर्षी पाणी, आणि मधेच नवीन चर वर येतं, म्हणजे नदीतलं वाळूचं बेट, त्यावर दोन्हीकडची माणसं जनावरं घेऊन हजर. आसामात धुब्रीला ब्रह्मपुत्रेचा ६१ किलोमीटरचा पट्टा २०१९ पासून सेन्सर आणि कॅमेऱ्यांवर घेतलाय, त्याचा उपयोग होतो हे खरंय, पण कॅमेरा फक्त दाखवतो, रात्री दोन वाजता बोट घेऊन जायला माणूसच लागतो.

आता गोळ्यांचं. जानेवारी २०११ मध्ये कूचबिहारच्या बाजूला एक पंधरा वर्षांची मुलगी बापाबरोबर शिडी लावून तार ओलांडत होती, गोळी लागली, मेली, आणि तारेवर लटकलेल्या तिच्या प्रेताचा फोटो जगभर गेला. ती आत येत नव्हती, घरी परत चालली होती, लग्न ठरलं होतं म्हणून. त्या वर्षापासून आमच्याकडं पंप अॅक्शन गन, रबर पेलेट, स्टन ग्रेनेड असलं जीव न घेणारं सामान आधी वापरायचं धोरण आलं. फोर्समध्ये यावर एकमत कधीच नव्हतं, कारण गुरांच्या तस्करांची टोळी रात्री दाव, म्हणजे कोयते, घेऊन अंगावर येते तेव्हा पेलेट हातात घेऊन उभं राहणं काय असतं ते उभं राहिलेल्यालाच माहीत. पण माझं स्वतःचं मत विचाराल तर गोळीनं फक्त दलालाचा रेट वाढतो. जोखीम वाढली की तो गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे घेतो, गिऱ्हाईक कर्ज काढून देतं, येणं काही थांबत नाही.

आणि झोपा काढतात का याचं सरळ उत्तर, काही जण झोपा नाही, पैसे काढतात. २०२० मध्ये गुरांच्या तस्करीत सीबीआयनं बीएसएफच्याच एका कमांडंटला अटक केली, पेपरात सगळं आलंय, लपवण्यासारखं काही नाही. पण म्हणून सगळा फोर्स तसला असं कुणी म्हणायला लागलं तर मग आमचं भांडण होईल.

आता तुमच्या बारा पोरांकडं येतो.

तुम्ही विचारताय "बांगलादेशी कसा ओळखायचा". ग्रुपवरच्या लोकांनी त्याचं उत्तर आधीच ठरवून टाकलंय, बंगाली बोलतो, मुसलमान आहे, म्हणजे बांगलादेशी. हे डोक्यातनं काढा. मुर्शिदाबाद आणि मालदा हे आपल्याच देशातले जिल्हे आहेत, दोन्हीकडं मुसलमान बहुसंख्य आहेत, आणि देशभर जे राजमिस्त्री जातात, केरळपासून मुंबईपर्यंत, त्यातले ढिगानं मुर्शिदाबादचे असतात. त्या जिल्ह्याची तर गंमतच आहे. फाळणीच्या वेळी सगळे धरून चालले होते की हा पाकिस्तानात जाणार, १५ ऑगस्ट १९४७ ला तिथं पाकिस्तानचा झेंडा लागला, आणि १७ तारखेला सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफचा निवाडा बाहेर आला तर मुर्शिदाबाद भारतात आणि खुलना तिकडं. नदिया जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, पलीकडचा कुष्टिया झाला, बोली तीच, मासा तोच, मामा इकडं आणि भाचा तिकडं. बोलण्यावरून ओळखतो म्हणणारा माणूस मला कुणी दाखवला तर मी त्याला नुसतं चहा पाजून सोडतो, वाद घालत नाही.

आणि ही माणसं घर सोडून का येतात, तर गंगेची धूप. फराक्क्याचं धरण १९७५ मध्ये सुरू झालं, त्याच्या वरच्या-खालच्या अंगाला मालदा-मुर्शिदाबादची गावंच्या गावं नदीत गेलीत, घर गेलं, जमीन गेली, पेटीतले कागद गेले. म्हणजे ज्याच्याकडं कागद नाही तो बाहेरचाच असं धरलं तर सगळ्यात आधी हेच सापडणार, जे शंभर टक्के आपले आहेत. त्यात २०१५ ची अदलाबदल धरा. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री बांगलादेशच्या हद्दीत अडकलेली भारताची १११ छोटी गावठाणं बांगलादेशला गेली आणि आपल्या हद्दीत अडकलेली त्यांची ५१ आपल्याकडं आली, त्या ५१ मधली चौदा हजारांवर माणसं त्या रात्री कायद्यानं भारतीय झाली. त्यातला एखादा तुमच्या प्लास्टरवर असला आणि तुम्ही विचारलं तुझा जन्म कुठला, तर खरं उत्तर काय देईल तो?

सांगलीकरांना तर हे जास्त कळायला पाहिजे. विटा, खानापूर, आटपाडीची गलाईवाली माणसं देशात कुठं नाहीत? बंगालमधल्या बाजारात मला आपल्या बोलीत हाक मारणारे गलाईवाले भेटलेत, सोनं-चांदी गाळण्याची दुकानं टाकून पिढ्यान्पिढ्या बसलेत. आणि उलटं बघा, आपल्या सराफ कट्ट्यावर घडणावळीला कोण बसलंय, हुगळी-मेदिनीपूरकडचे बंगाली कारागीर. बंगाली ऐकू आलं की संशय असं केलं तर पहिला बळी तो जाणार, जो तुमच्या बायकोचं मंगळसूत्र घडवतो.

मग ओळखायचं कसं? तुम्ही ओळखायचंच नाही. ते तुमचं काम नाही, माझ्या गार्डचं नाही आणि खरं तर एकट्या पोलीस हवालदाराचंही नाही. का ते सांगतो.

आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्या २०१६ च्या कायद्यातच लिहिलंय. ते रहिवाशाला मिळतं, १८२ दिवस इथं राहिलेल्याला, अगदी परदेशी माणसालाही कायदेशीर मिळू शकतं. पॅन कार्ड, रेशन कार्ड, बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड, कशानंच नागरिकत्व सिद्ध होत नाही. कायदा बघायचा म्हटलं तर १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मला तर जन्मानं नागरिक, त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मला तर आई किंवा बाप एक तरी भारतीय पाहिजे, आणि त्याच्यानंतरचा असेल तर दोघंही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदेशीर आलेला नसला पाहिजे. आता तुमच्या सोसायटीतल्या कुणालाही हे कागदावर सिद्ध करायला सांगा, आईबापाच्या जन्माच्या दाखल्यासकट. मी स्वतः माझ्या आईचा दाखला काढून दाखवू शकणार नाही, आमच्या गावात तेव्हा नोंदच होत नव्हती.

आसामात हा प्रयोग सरकारनं एनआरसी, म्हणजे नागरिकांची यादी, करून पूर्ण ताकदीनं केला. ३ कोटी ३० लाखांच्या आसपास लोकांनी कागद दिले, ३१ ऑगस्ट २०१९ ला अंतिम यादी आली, १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली, आणि यादीवर ना हे खूष ना ते. त्याच वर्षी आसामातल्या एका रिटायर फौजी अधिकाऱ्याला ट्रिब्युनलनं परदेशी ठरवलं म्हणून डिटेन्शन कॅम्पात टाकलं होतं, तीस वर्षांच्या आसपास फौजेत काढलेला माणूस, मग हायकोर्टानं जामीन दिला. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, घरटी फौजी. तिथल्या पारावर बसून ही गोष्ट सांगितली की म्हातारी माणसं गप्प होतात, कारण पेन्शनचं पीपीओ बुक म्हणजे नागरिकत्वाचा दाखला असंच सगळे धरून चाललेले असतात.

एकूण किती आहेत म्हणाल तर सरकारी आकडेसुद्धा उड्या मारतात. २००४ मध्ये संसदेत १ कोटी २० लाख सांगितले, पुन्हा त्यावर सारवासारव झाली, २०१६ मध्ये २ कोटी सांगितले. माझा अनुभव एवढाच की येणारे आहेत, खूप आहेत, पूर्वीही होते, आणि आकडा ठोकून सांगणाऱ्याला बॉर्डर माहीत नसते.

मी माझ्या गेटवर काय करतो ते सांगतो, तेच तुम्हाला उपयोगी पडेल. आमच्याकडं नियम असा की ठेकेदाराची माणसं आत यायच्या आधी यादी येते. नाव, बापाचं नाव, गाव, पोस्ट, थाना, जिल्हा, फोटो, आणि घरच्या एका माणसाचा नंबर. प्रत्येकाचं कार्ड ज्याच्या त्याच्या खिशात पाहिजे. हे महत्त्वाचं आहे, ठेकेदार सगळ्यांची कार्डं स्वतःच्या पिशवीत घेऊन फिरत असेल तर माझे कान तिथंच उभे राहतात, मग माणसं कुठलीही असोत, कारण कार्ड अडकवून ठेवणारा पगारही अडकवून ठेवतो. आधारवरचा क्यूआर सरकारी अॅपवर स्कॅन करता येतो, त्यात नाव-फोटो जुळतो का एवढं बघायचं. दहा जणांच्या कार्डावर एकच पत्ता, सगळी कार्डं एकाच महिन्यात अपडेट झालेली, माणसाला स्वतःच्या थान्याचं नाव येत नाही, असलं काही दिसलं तर वहीत लिहून ठेवायचं आणि पोलीस स्टेशनला द्यायचं. पुन्हा सांगतो, हा पुरावा नाही, बुजलेलं पोरगं माझ्यासमोर उभं राहिलं की स्वतःचं नाव पण विसरतं.

पण यात मला जे कळलंय ते वेगळंच आहे. यादी मागितली की निम्मं काम तिथंच होतं. ज्याचा धंदा सरळ आहे तो ठेकेदार कुरकुर करत का होईना चार दिवसांत कागद आणतो. ज्याचा वाकडा आहे तो "देतो साहेब, देतो साहेब" करतो आणि आठवड्यानं त्याची माणसंच बदललेली असतात. मला तपास करायला लागतच नाही. आणि म्हणूनच माझं मत असं झालंय की हा प्रश्न सुटला तर बॉर्डरवर कमी आणि ठेकेदाराच्या मस्टरवर जास्त सुटेल. आलेला माणूस इथं बसून खात नाही, काम करतो, आणि काम त्याला आपल्यातलाच कुणीतरी देतो, कारण तो स्वस्त पडतो, सुट्टी मागत नाही, आणि पैसे बुडवले तर पोलिसात जाऊ शकत नाही. साखळी बघा, पलीकडचा दलाल, रात्री पार करणारा, अलीकडच्या गावात दोन दिवस ठेवून घेणारा, कागद करून देणारा, हावड्यात आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये बसवणारा, पुण्यात उतरवून मिरजेपर्यंत आणणारा, आणि शेवटी ठेकेदार. या सगळ्यात पकडला कोण जातो? जो चालत आलाय तो. बाकीचे पुढच्या गिऱ्हाइकाला लागलेले असतात.

कायदा आता कमी नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून नवीन इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायदा लागू झाला, १९४६ चा जुना कायदा गेला. पासपोर्ट-व्हिसा नसताना आत आला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, खोटा पासपोर्ट-व्हिसा वापरला तर दोन ते सात वर्षं आणि दंड वेगळा. मी परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारीही त्या माणसावरच, ती जुन्या कायद्यातही होती. एवढं सगळं असून अडतं कुठं, तर पडताळणीत. आपल्या पोलीस स्टेशननं पत्र पाठवायचं, तिकडच्या जिल्ह्यानं थान्याला कळवायचं, थान्यानं गावात जाऊन विचारून उलट कळवायचं. केंद्रानं मे २०२५ मध्ये राज्यांना यासाठी तीस दिवसांची मुदत घालून दिली. घाई केली की काय होतं तेही त्याच जूनमध्ये दिसलं, मुंबईच्या आसपास धरलेले मुर्शिदाबाद-बर्धमानकडचे काही मजूर थेट बांगलादेशात ढकलले गेले, आणि बंगाल सरकारनं कागद दाखवल्यावर त्यांना परत आत घ्यावं लागलं. त्या रात्री ज्या जवानानं त्यांना गेटबाहेर काढलं आणि ज्यानं परत आत घेतलं, दोघांच्या मनात काय आलं असेल ते मी समजू शकतो.

मला विचाराल काय करायला पाहिजे, तर जिथं कुंपण शक्य आहे तिथली जमीन राज्य आणि केंद्रानं भांडण मिटवून एकदाची द्यावी, यात दुमत नाही. पण त्याच्यापेक्षा जन्म-मृत्यूच्या नोंदीचं टेबल सांभाळा असं मी म्हणेन. एक वर्षाहून जुन्या जन्माची नोंद करायची तर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो, आणि तिथं सह्या ढिल्या झाल्या की पुढचं प्रत्येक कार्ड खरंच निघतं, मग कुठलाही स्कॅनर काय करणार? आपल्याकडं मालेगाव वगैरे ठिकाणी उशिराच्या दाखल्यांवरून गोंधळ झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारला असे दाखले देणं थांबवायला लागलं, ते याचसाठी. त्यातही हाल झाले ते खऱ्या गरजूंचे, ज्यांच्या पोरांना शाळेत दाखला हवा होता.

दुसरं मत जरा अवघड आहे, ते ऐकून काही जण मला शिव्या देतील. आज एखाद्या बांगलादेशी गवंड्याला कायदेशीर मार्गानं इथं कामाला यायचं असेल तर दरवाजाच नाही. आपला एम्प्लॉयमेंट व्हिसा मोठ्या पगाराच्या तज्ज्ञ माणसांसाठी आहे, वर्षाला लाखोंत पगार असला पाहिजे अशी अट आहे, गवंडी त्यात कुठं बसणार. सौदी, मलेशिया त्याच माणसाला करार करून, बोटांचे ठसे घेऊन, मुदत टाकून नेतात आणि मुदत संपली की परत पाठवतात. मी दार सताड उघडा म्हणत नाहीये. पण ठसे घेऊन सहा महिन्यांसाठी आलेला माणूस मला सिक्युरिटीवाला म्हणून जास्त परवडतो, तो कोण आहे हे मला माहीत असतं. नेपाळी वॉचमन बघा, १९५० च्या करारामुळं त्याला व्हिसा लागत नाही, तो परदेशी आहे पण बेकायदेशीर नाही, आणि त्याच्यावरून तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कधी मेसेज आलाय का? (त्यालासुद्धा एजन्सीनं पोलीस पडताळणी करूनच ठेवायला पाहिजे हां, ते लायसनच्या नियमातच आहे. तुमच्या एजन्सीनं केलीय का तेही बघून घ्या, बहुतेक केली नसणार.)

बायका-पोरींचं प्रकरण याहून वेगळं असतं, तेही सांगून ठेवतो. कामाचं किंवा लग्नाचं सांगून आणलेली पोरगी असेल तर ती गुन्हेगार नाही, तिला विकलेलं असतं. असा काही संशय आला तर चौकशी वगैरे करत बसू नका, सरळ ११२ ला फोन करा आणि तस्करीचा संशय आहे असं स्पष्ट सांगा, त्यासाठी पोलिसांचं वेगळं पथक असतं.

आता या आठवड्यात तुम्ही काय करायचं. ग्रुपवरचा तो मेसेज डिलीट करायला लावा आणि कुणी पोरांना जाऊन कार्ड दाखवा, वंदे मातरम म्हणा, असलं काही करणार नाही हे बघा. मारहाण झाली तर गुन्हा तुमच्या लोकांवर लागेल आणि ती पोरं मुर्शिदाबादची निघाली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पोरांशी नाही, ठेकेदाराशी बोला. मी वर सांगितलेली यादी लेखी मागा, चार दिवसांची मुदत द्या, बिल्डरला कॉपी द्या. यादी आली की भाडेकरूची देतो तशी विश्रामबाग पोलीस स्टेशनला अर्जाबरोबर द्या आणि पोच घ्या. अर्जात "बांगलादेशी आहेत" असं लिहू नका, "साइटवर राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांची पडताळणी व्हावी" एवढंच लिहा. रात्री बिल्डिंगमध्ये झोपतं कोण याची नोंद वॉचमनकडं ठेवा, रोज. पडताळणीत कुणी खरंच बाहेरचा निघाला तर पुढचं पोलीस आणि कोर्ट बघतील. जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदीचं काम एसपी ऑफिसकडं असतं.

आणि पैसे. हे कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. चौकशी सुरू झाली की ठेकेदार पळून जातो आणि पोरांची दोन-दोन महिन्यांची मजुरी बुडते, आणि कंत्राटी कामगाराची मजुरी ठेकेदारानं दिली नाही तर ती जबाबदारी मूळ मालकावर येते. म्हणजे बिल्डरवर, आणि बिल्डर ती कुठून काढेल ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळं ठेकेदाराचं पुढचं बिल सोडायच्या आधी मजुरी वाटपाच्या सह्या बघा. त्याच्याकडं लेबर लायसन आहे का एवढं उद्याच विचारा, आणि काय म्हणतो ते मला कळवा. त्याच्या उत्तरावरून पुढं काय करायचं ते ठरवू.